करार संपण्याची तारीख

भाडेकरू चांगला बघून घ्या, असं सगळे सांगतात. माझा चांगलाच होता. पाच तारखेच्या आत भाडं खात्यात, सोसायटीत कुणाशी वाद नाही, गणपतीत आठवणीनं प्रसाद. करार नोव्हेंबरात संपत होता. त्याच्या आदल्या आठवड्यात ते म्हणाले, "काका, मुलाची दहावी आहे. मार्चपर्यंत राहू द्या, मग लगेच सोडतो." दहावीच्या मुलाला घराबाहेर काढणारा मराठी माणूस अजून जन्माला यायचाय. राहा म्हटलं, फक्त पाच महिन्यांचा नवा करार करू. एजंट अंगठ्याचं मशीन घेऊन आला तेव्हा हे गावाला गेलेले. पुढच्या शनिवारी वहिनींना बरं नव्हतं. एप्रिलमध्ये भाडं थांबलं आणि मेमध्ये फोन उचलणं.

त्यांची नोकरी गेली होती, हे नंतर कळलं. मला ते आजही लबाड वाटत नाहीत. माणूस चांगला असणं आणि त्यानं घराचा ताबा वेळेवर देणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली परिस्थितीनुसार बदलते. दुसरीची सोय कागदावर करता येते. एक-दोन फ्लॅट भाड्यानं देणाऱ्या माझ्यासारख्यांना म्हणूनच मी सांगतो, भाडं किती येईल याआधी घर परत कसं येईल ते बघा.

माझ्याकडे नोंदणी केलेला लिव्ह अँड लायसन्सचा करार होता. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम २४ नुसार मुदत संपल्यावर लायसन्सीनं घर सोडलं नाही, तर मालकाला सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. करारात लिहिलेल्या गोष्टींना तिथे निर्णायक पुरावा मानतात. समोरच्याला बचाव करायचा तर समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांत प्रतिज्ञापत्र देऊन आधी परवानगी मागावी लागते. ती मिळाली नाही तर आदेश होतो. त्यावर अपील नाही, फक्त पुनरीक्षण. कागदावर हे जेवढं झटपट वाटतं तेवढं प्रत्यक्षात नसतं. समन्स बजावणीतच वेळ जातो, दार उघडलंच जात नाही. पण आमच्या प्रकरणात "करार काय ठरला होता" यावर एक वाक्यही बोलावं लागलं नाही.

शेजारच्या विंगमधल्या एका निवृत्त शिक्षकांना मात्र तेच सगळं बोलावं लागलं. त्यांचा करार स्टॅम्पपेपरवर नोटरी केलेला होता. भाडेकरूनं सांगितलं, मी लायसन्सी नाहीच, मला कायमचं भाड्यानं दिलंय. याच कायद्याचं कलम ५५ म्हणतं की करार लेखी आणि नोंदणीकृत असला पाहिजे आणि ती जबाबदारी घरमालकाची. नोंदणी नसेल, तर उलट सिद्ध होईपर्यंत अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य. वर मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद, ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. सरांचं प्रकरण लघुवाद न्यायालयात आहे. तारीख असली की सर आदल्या रात्री जेवत नाहीत, असं त्यांच्या घरून कळतं.

"अकरा महिन्यांचाच करार आहे, नोंदणी कशाला?" हे वाक्य पुण्यात अजून रोज ऐकू येतं. नोंदणी कायद्यात एका वर्षाहून जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याला नोंदणी सक्तीची आहे, म्हणून पळवाट म्हणून अकरा महिने आले. महाराष्ट्रात ३१ मार्च २००० पासून ती पळवाट उरलेली नाही. मुदत कितीही असो, नोंदणी हवीच. आणि खर्च तरी किती? महिना १८,००० भाडं, दोन वर्षं, अनामत ६०,००० धरू. दोन वर्षांचं भाडं ४,३२,०००. अनामतीवर वर्षाला १० टक्के व्याज धरतात, ते १२,०००. एकूण ४,४४,००० वर पाव टक्का मुद्रांक शुल्क म्हणजे १,११० रुपये, आणि महापालिका हद्दीत नोंदणी फी १,०००. एजंटचे पैसे वेगळे. एवढ्या रकमेसाठी लोक घर टांगणीला लावतात, हे मला समजत नाही.

याच्या उलट टोकाची माणसंही भेटतात. भाडेकरू घर बळकावतात म्हणून वर्षानुवर्षं फ्लॅट बंद ठेवणारी. ही भीती हवेतून आलेली नाही. मुंबई भाडे कायद्यात दुरुस्ती होऊन १ फेब्रुवारी १९७३ रोजी जे लायसन्सी घरात राहत होते ते कायद्यानं भाडेकरू ठरले, आणि आमच्या वडिलांच्या पिढीनं घरांना कुलपं लावली. आजचा कायदा तो नाही. नोंदणी असेल तर बंद घराला वाळवी लागू देण्यात काही शहाणपण नाही.

आता आदेशानं जे मिळत नाही त्याबद्दल. मुदतीनंतर राहिलेल्या काळासाठी भाड्याच्या दुप्पट दरानं भरपाईची तरतूद आहे. आकडा मोठा दिसतो. पण ज्याची नोकरी गेली, त्याच्याकडून वसूल काय करणार? ताबा मिळाला, दुपटीचा आकडा आदेशावरच राहिला. हाताशी होती ती अनामत, आणि तिच्यातून वीजबिलही गेलं. मीटर माझ्या नावावर, म्हणून थकबाकीही माझीच. तेव्हापासून दर महिन्याला महावितरणचं बिल भरलं गेलं का, हे ग्राहक क्रमांक टाकून मी स्वतः बघतो. पाइपच्या गॅसचंही तसंच. दोन महिन्यांची अनामत घेण्याची पद्धत आहे, मी तीनचा आग्रह धरतो. गिऱ्हाईक थोडं कमी येतं, येऊ दे.

मुदत संपल्यावरही पैसे येत राहिले, तर ते "भाडं" म्हणून मुकाट्यानं घेऊ नका. ही रक्कम वापराची भरपाई म्हणून, ताब्याचा हक्क राखून घेतली आहे, असं मेसेजनं का होईना, लेखी कळवा. नाहीतर नवीन भाडेपट्टा झाला असा मुद्दा पुढे निघू शकतो. माझ्या वकिलांनी हे डिसेंबरातच करायला लावलं होतं. आणि कितीही राग आला तरी कुलूप बदलणं, पाणी तोडणं, चार माणसं पाठवणं यातलं काही नाही. एका दुपारच्या समाधानासाठी आपणच आरोपी होतो.

घर देतानाच्या बारीक गोष्टी एजंट उरकून टाकतो, तिथे आपण थांबायचं. मीटरच्या रीडिंगचा फोटो. गिझर, पंखे, किल्ल्यांची संख्या करारात. राहणाऱ्या सगळ्यांची नावं. पोलिसांना भाडेकरूची माहिती ऑनलाइन देता येते. ती परवानगी नव्हे, फक्त माहिती, पण दिली नाही तर अंगाशी येते. सोसायटी बिनभोगवटा शुल्क लावते, ते सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपर्यंतच, असा १ ऑगस्ट २००१ चा शासन निर्णय आहे. काही समित्या पूर्ण मेंटेनन्सवर हिशेब करतात. बिल एकदा नीट वाचा.

दुसरा फ्लॅट "गुंतवणूक" म्हणून घेणाऱ्यांना मी माझा हिशेब दाखवतो. साठ लाखांचं घर, वर्षाला २,१६,००० भाडं. मेंटेनन्स ३०,०००, मिळकत कर १२,०००, दोन वर्षांत एक महिना रिकामं म्हणून ९,०००, रंग नि नळजोडणी १५,०००. उरले दीड लाख, म्हणजे अडीच टक्के. यात दलाली नाही, प्राप्तिकर नाही. प्राप्तिकरात मिळकत कर वजा करून उरलेल्या भाड्यातून सरसकट ३० टक्के वजावट मिळते, तेवढाच दिलासा. पुणे महापालिका स्वतः राहणाऱ्याला मिळकत करात जी ४० टक्के सवलत देते, ती घर भाड्यानं दिलं की जाते. किंमत वाढेल या आशेवर घेत असाल तर तसं म्हणा. भाड्यावर कर्जाचा हप्ता निघेल, हे मात्र डोक्यातून काढा.

फ्लॅट परदेशातल्या मुला-मुलीच्या नावावर आणि कारभार आई-वडिलांकडे, अशी घरं आमच्या सोसायटीत बरीच आहेत. तिथे भाडं देणाऱ्याला उगमस्थानी करकपात करावी लागते. निवासी मालकाच्या बाबतीत लागू होणारी महिना ५०,००० ची मर्यादा तिथे उपयोगाची नाही. भाडेकरूला हे आधी सांगा. वर्षअखेर कळलं की भांडण होतं.

सध्या एक तरुण जोडपं राहतंय. त्यांचा करार मे अखेर संपतो, म्हणून मार्चच्या सुरुवातीलाच विचारलं, राहणार की सोडणार? मुलगी म्हणाली, "काका, आत्ताच कसं सांगणार?" मी सांगितलं, एप्रिलच्या तीस तारखेपर्यंत सांगा. राहणार असाल तर मेच्या पहिल्या आठवड्यात दोघांचे अंगठे, नाहीतर एक जूनला सकाळी किल्ल्या. तिनं फोनमध्ये लिहून घेतलं.