बालसंधिवात : दुखण्यापेक्षा सूज पाहावी

संधिवात उतारवयातच होतो, हा समज इतका पक्का आहे की लहान मुलाचा गुडघा सुजला की घरातील माणसे आधी तो कुठे पडला याचीच चौकशी करतात. सोळाव्या वाढदिवसापूर्वी सुरू झालेली, किमान 6 आठवडे टिकलेली आणि दुसरे कारण न सापडलेली सांध्याची सूज म्हणजे जुव्हेनाइल इडिओपॅथिक आर्थ्रायटिस, अर्थात बालसंधिवात होय; यात प्रतिकारशक्ती सांध्याच्या आतील अस्तरावरच उलटते.

दोन-तीन वर्षांचे मूल ‘दुखते’ असे क्वचितच सांगते. ते सकाळी लंगडते, मांडी घालून बसायचे टाळते, तासाभराने मात्र खेळू लागते, आणि म्हणूनच त्याच्यावर हट्टीपणाचा शिक्का बसतो, जो अन्यायाचा आहे. वाढीच्या वयातील साधे पाय दुखणे संध्याकाळी किंवा रात्री होते, सकाळपर्यंत ओसरते आणि त्यात सूज नसते, एवढा फरक ओळखता आला तरी बराच काळ वाचतो. रक्तातील एएसओ वाढलेले दिसले म्हणून ऱ्हुमॅटिक तापाचे निदान करून मुलाला वर्षानुवर्षे पेनिसिलिनची इंजेक्शने दिली गेल्याची उदाहरणे आढळतात. वस्तुतः ती चाचणी घशातील स्ट्रेप्टोकोकस जंतूंचा संसर्ग होऊन गेल्याचीच खूण असते, आणि त्या तापातील सांधेदुखी एका सांध्यातून दुसऱ्यात फिरते व सहसा काही आठवड्यांत थांबते.

सर्वांत मोठा धोका डोळ्यांना असतो. युव्हिआयटिस, म्हणजे डोळ्याच्या मधल्या पडद्याचा दाह, लहान वयात मोजकेच सांधे धरलेल्या आणि रक्ताची एएनए (पेशीकेंद्राविरुद्धच्या प्रतिपिंडांची) चाचणी सकारात्मक आलेल्या मुलांत डोळा लाल न होता, न दुखता दृष्टी नेऊ शकतो. म्हणून सांधे बरे दिसत असतानाही अशा मुलांची स्लिट लॅम्पने दर 3 महिन्यांनी तपासणी करावी लागते.

उपचारांत सांध्यात स्टिरॉइडचे इंजेक्शन, मेथोट्रेक्सेट आणि गरजेनुसार बायोलॉजिक औषधे, ज्यांच्यापूर्वी क्षयरोगाची तपासणी आवश्यक असते, यांचा समावेश होतो. मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच द्यायचे असते व चुकून रोज दिल्यास ते जीवघेणे ठरू शकते, त्यामुळे त्याचा वार ठरवून कॅलेंडरवर लिहिलेला असावा. दही, ताक, आंबट वर्ज्य करण्याला आधार नाही. उलट दही-ताक तोडल्याने वाढत्या हाडांचे कॅल्शियम हिरावले जाते. सक्तीच्या विश्रांतीने सांधा आखडतो आणि स्नायू झिजतात, म्हणून पोहणे, सायकल आणि फिजिओथेरपिस्टने शिकवलेले व्यायाम चालू ठेवावेत, आणि सकाळी आखडलेपण असेपर्यंत पहिल्या तासाला थोडा उशीर चालेल, हे शाळेशी आधीच बोलून घ्यावे.