सर, पाय लावलात की बोला!

अगं, सोमवारपासून गाडी शिकायला जाणार ना? मग पहिल्याच दिवशी सरांशी एक गोष्ट बोलून घे. क्लासच्या गाडीत त्यांच्या बाजूलाही क्लच-ब्रेक असतात. असायलाच हवेत, नियमच आहे तसा. पण होतं काय, चौकात तू गडबडलीस की ते गुपचूप आपला क्लच दाबतात. गाडी बंद पडत नाही आणि तुला वाटतं, जमलं की आपल्याला! मग घरच्या गाडीत बसलं की पहिल्याच सिग्नलला आचके, गाडी बंद आणि मागून हॉर्नवर हॉर्न. म्हणून सांगून ठेव, "सर, तुम्ही पाय लावलात की बोला." "मी दाबला" एवढं पुरे.

आणि नुसतं "सोड, सोड!" म्हणाले तर नक्की काय सोडायचं? क्लच, ब्रेक की स्टिअरिंग? आधी नाव घ्या म्हणावं. वळायचंही चौकाच्या अलीकडेच सांगायला हवं. ऐनवेळी "लेफ्ट!" ओरडले तर तू आपली सरळ जा, पुढून वळून येता येतं.

चढावरचा हाफ क्लच मात्र डोकं खातो. "हाफ क्लच पकड" सगळेच म्हणतात, पण तो पकडलाय हे ओळखायचं कसं, ते कोणी सांगत नाही. मोकळ्या रस्त्यावर हँडब्रेक ओढून करून बघ. क्लच सावकाश सोडताना इंजिनाचा आवाज जड होतो, गाडी थरथरते, बॉनेट किंचित उचलल्यासारखं वाटतं. तिथेच पाय थांबव आणि सरांना विचार, "हाच ना?" समजेपर्यंत विचार, लाजू नकोस. पैसे मोजलेत आपण!

काहीजण शेजारी बसून पुढच्या बॅचला फोन लावत बसतात. तेव्हा गोड आवाजात म्हणायचं, "गाडी कडेला घेऊ का सर? तुमचं बोलणं होऊ दे." बरोबर कळतं त्यांना.

हो, आणि तासांच्या रजिस्टरवर डोळे मिटून सही करू नकोस. नियमाने कारसाठी किमान २१ दिवस आणि प्रत्यक्ष चालवण्याचे १० तास हवेत, म्हणजे रोज जवळपास अर्धा तास. पंधरा मिनिटांत "उतरा मॅडम" म्हणाले तर तिथल्या तिथे बोल. टेस्टची घाई तर करूच नकोस. लर्निंग लायसन्स ६ महिने चालतं.