सूर्यावरील डाग आणि विश्वकिरण

सूर्य आपणांस प्रकाश व उष्णता देतो, हे आपण बालपणीच शिकतो. तो आणखी एक कार्य करतो, ते मात्र सहसा शिकवले जात नाही. दूर अवकाशातून पृथ्वीकडे येणाऱ्या विश्वकिरणांना तो काही अंशी अडवतो. आणि तो जितका अशांत, तितका हा अडसर बळकट होतो. हे कसे घडते, ते या लेखात आपण पाहू.

विश्वकिरण हे नावाने किरण असले, तरी वस्तुतः ते प्रचंड वेगाने धावणारे विद्युतभारित कण होत. त्यांत सुमारे ९० टक्के प्रोटॉन असतात. ऑस्ट्रियन शास्त्रज्ञ व्हिक्टर हेस यांनी १९१२ साली बलूनमधून अनेक उड्डाणे केली. पाच किलोमीटरच्या वर गेल्यावर हवेतील आयनीभवन भूपृष्ठापेक्षा कितीतरी अधिक असल्याचे त्यांना आढळले. मग हे किरण सूर्यापासून येतात काय? १७ एप्रिल १९१२ च्या सूर्यग्रहणाच्या वेळीही हेस आकाशात होते. सूर्य जवळजवळ झाकला गेला, तरी मापन घटले नाही. अर्थात त्यांचा मुख्य उगम सूर्यात नव्हता.

तरीही सूर्याशी त्यांचा संबंध आहेच. सूर्यावरील डागांची संख्या सुमारे ११ वर्षांच्या चक्राने वाढते व घटते. अमेरिकन शास्त्रज्ञ स्कॉट फोरबुश यांनी वर्षानुवर्षांच्या नोंदी ताडून १९५४ साली दाखवून दिले की, डाग वाढतात तेव्हा विश्वकिरण कमी होतात. सूर्यापासून सतत वाहणाऱ्या सौरवाताची उपपत्ती यूजीन पार्कर यांनी १९५८ साली मांडली, आणि या संबंधाचे कारण उमगू लागले. सौरवात आपल्याबरोबर सूर्याचे चुंबकीय क्षेत्र वाहून नेतो. सूर्य सक्रिय असता हे क्षेत्र अधिक बलवान व गुंतागुंतीचे होते. पूर आलेल्या नदीत प्रवाहाविरुद्ध पोहणाऱ्याची जी गत, तीच बाहेरून येणाऱ्या कणांची होते. कमी ऊर्जेचे कण विखुरतात वा मागे लोटले जातात. अतिप्रचंड ऊर्जेचे कण मात्र फारसे न अडता येतात.

याउलट २००९ साली सूर्य विलक्षण शांत होता. त्या काळात विश्वकिरणांची तीव्रता अवकाशयुगातील तोवरच्या मापनांत सर्वाधिक ठरली. सौरवादळामुळे काही तासांत होणारी त्यांची घट आपल्या देशातही मोजली जाते. टाटा मूलभूत संशोधन संस्थेची उटी येथील ग्रेप्स-३ ही वेधशाळा हे कार्य करते.

या ज्ञानाचा उपयोग इतिहासालाही होतो. विश्वकिरणांमुळे वातावरणात कार्बन-१४ निर्माण होतो, आणि त्यावरून प्राचीन लाकडाचे वय काढता येते. परंतु १६४५ ते १७१५ या काळात सूर्यावर डाग अत्यल्प होते. तेव्हा विश्वकिरण वाढले व कार्बन-१४ ही वाढला. त्या काळच्या लाकडाचे वय दुरुस्तीवाचून मोजल्यास ते प्रत्यक्षाहून कमी भरेल. म्हणून वृक्षांच्या वार्षिक वलयांशी ताडून ही दुरुस्ती करावी लागते. कार्ले येथील चैत्यगृहाच्या छतात आजही असलेल्या लाकडी कमानींसारख्या अवशेषांचा काळ ठरवताना हे भान आवश्यक आहे.

हेस यांनी ग्रहणात मापन केले नसते, तर केवळ तर्कावर विसंबून सूर्यालाच उगम मानण्याची चूक सहज झाली असती. फोरबुश यांनी नोंदी चिकाटीने राखल्या नसत्या, तर हा संबंध दिसलाच नसता. प्रत्यक्ष पाहावे, मोजावे, नोंदवावे आणि मगच मानावे, हा या अभ्यासाचा धडा आपल्या विद्यार्थ्यांनी जतन करावा, असे आम्हांस वाटते.