पैसे घेतले, काम अर्धवट टाकलं : कॉन्ट्रॅक्टर पळाला तर काय करायचं?



या आठवड्याच्या व्हिडिओत मी माझ्या घराच्या गच्चीची गोष्ट सांगितली. वेळेअभावी हिशोब आणि कायद्याचा भाग त्यात घाईत झाला, म्हणून इथे सविस्तर लिहितोय. वही-पेन घेऊन बसा, कारण शेवटी तुमच्यासाठी गृहपाठ आहे.

आधी गोष्ट

आमची गच्ची गळत होती. खालच्या खोलीत वडील झोपतात, दोन पावसाळे त्यांचा पलंग इकडून तिकडे सरकवून काढले. यंदा एप्रिलमध्ये वॉटरप्रूफिंगचं काम दिलं. ओळखीतून आलेला माणूस, बोलायला गोड. जुना कोबा तोडणं, राडारोडा उचलणं, भेगा भरणं, केमिकल कोट, नवा ब्रिकबॅट कोबा आणि वर चायना मोझॅक, सगळं मिळून १,६०,००० रुपये ठरले. तोंडीच.

सुरुवातीला ४०,००० दिले. दोन दिवसांनी "शेठ, माल उचलायचाय" म्हणून ५०,०००. पुढच्या आठवड्यात "मजुरांचा पगार अडकलाय" म्हणून ३०,०००. म्हणजे १,२०,००० गेले, एकूण रकमेच्या ७५ टक्के. आणि गच्चीवर काय झालं होतं? जुना कोबा तोडला, भेगा भरल्या, केमिकलचा एक हात मारला. बस्स.

११ मेपासून माणूस गायब. फोन केला की "उद्या नक्की". मग फोन उचलणं बंद. इकडे स्लॅब उघडा आणि पावसाळा तोंडावर. आधी निदान जुना कोबा तरी होता!

चूक कुणाची?

त्याची तर आहेच. पण मी बीबीए केलंय, दुकान चालवतो, तुम्हाला पेमेंट टर्म्स शिकवतो, आणि स्वतःच्या घरी पैसे कामाच्या प्रगतीवर न देता त्याच्या अडचणीवर देत गेलो. "माल उचलायचाय" हे त्याचं कारण झालं. माझा प्रश्न एवढाच असायला हवा होता : आतापर्यंत काम किती झालं?

मी केलेल्या पाच गोष्टी (याच क्रमाने करा)

१. पुरावा. गच्चीचे फोटो आणि व्हिडिओ काढले. यूपीआयच्या पावत्या आणि व्हॉट्सॲपवरचं सगळं बोलणं जपून ठेवलं. करार तोंडी असला तरी "१ लाख ६० मध्ये सगळं करून देतो" हा त्याचा मेसेज होता, तोच कामाला आला. चॅट कधीही डिलीट करू नका.

२. दुसऱ्याकडून मोजमाप. दुसऱ्या एका कॉन्ट्रॅक्टरला बोलावलं. झालेलं काम किती रुपयांचं आणि उरलेलं करायला किती लागतील, हे त्याच्याकडून लेखी घेतलं. झालेलं काम ४५,००० चं निघालं. उरलेल्याचे त्याने १,३०,००० सांगितले.

३. लेखी मुदत. "सात दिवसांत काम सुरू करा, नाहीतर दुसऱ्याकडून करून घेईन आणि जादा खर्च तुमच्याकडून वसूल करेन," असा मेसेज केला. तेच पत्र स्पीड पोस्टाने पाठवलं, पावती ठेवली. भाषा साधी ठेवा. शिव्या आणि धमक्या लिहिल्या तर उद्या त्याच तुमच्यावर उलटतील.

४. त्याचं सामान. त्याची शिडी, घमेली, मिक्सर आमच्याकडेच होतं. विकून टाकायचा मोह झाला, खोटं कशाला बोलू! पण यादी केली, फोटो काढले आणि बाजूला ठेवलं. "येऊन घेऊन जा" असं त्याला कळवलं.

५. मगच दुसरा माणूस. मुदत संपल्यावरच नवीन काम सुरू केलं. आधीच सुरू केलं असतं तर "मी येणारच होतो, यांनीच दुसरा लावला" म्हणायला तो मोकळा होता.

नेमकं मागायचं किती?

इथे बहुतेक जण चुकतात. मी त्याला दिले १,२०,०००, त्याने काम केलं ४५,००० चं, म्हणजे ७५,००० परत मागायचे, असं वाटतं. पण माझं खरं नुकसान वेगळं आहे. १,२०,००० अधिक १,३०,००० मिळून माझे २,५०,००० गेले. ठरलं होतं १,६०,०००. फरक ९०,०००. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ७३ चं तत्त्व हेच आहे : करार मोडल्यामुळे स्वाभाविकपणे जे नुकसान झालं, त्याची भरपाई. म्हणून मी ९०,००० चा आकडा लिहिला आणि खाली हिशोब मांडला.

कायद्याचे दरवाजे

सर्वात आधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, नंबर १९१५. त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोग. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार तुम्ही राहता त्या जिल्ह्यातही तक्रार करता येते. वकील लावलाच पाहिजे असं नाही. दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही. मात्र कारण घडल्यापासून २ वर्षांच्या आत तक्रार करायची.

दुकानाचं काम अडकलं असेल तर? व्यापारी हेतूने घेतलेली सेवा या कायद्यात येत नाही. स्वयंरोजगारातून फक्त पोट भरण्यासाठी विकत घेऊन वापरलेल्या वस्तू व्यापारी धरत नाहीत, पण २०१९ च्या कायद्यात ही सूट वस्तूंपुरतीच लिहिली आहे. छोट्या दुकानदाराने सेवेची तक्रार करण्याआधी हा मुद्दा तपासून घ्यावा.

आणि पोलीस? काम अर्धवट राहिलं म्हणून लगेच फसवणुकीचा गुन्हा होत नाही. सुरुवातीपासूनच फसवायचा इरादा होता, हे दिसावं लागतं. नाहीतर मामला दिवाणी.

शेवट काय झाला?

पत्र मिळाल्यावर तो स्वतः दुकानात आला. खाली मान घालून बसला. म्हणाला, "शेठ, तुमचे पैसे आधीच्या साइटवर लागले. तिथलं काम पूर्ण केलं नसतं तर त्यांनी सोडलं नसतं." म्हणजे ह्याची टोपी त्याला, त्याची टोपी ह्याला!

४०,००० वर तडजोड झाली, दोन हप्त्यांत, लेखी. पैसे आले, त्याचं सामान त्याला दिलं. ५०,००० माझ्या अंगावर पडले. आयोगात गेलो असतो तर कदाचित जास्त मिळाले असते, पण दुकान सोडून तारखा करणं मला परवडणारं नव्हतं. हा माझा हिशोब झाला. तुमचा वेगळा असू शकतो. पहिल्या पावसात मोझॅक बाकी होतं, वर ताडपत्री होती, पण वडिलांचा पलंग जागचा हलला नाही.

आता खरा धडा

त्या रात्री मला झोप लागली नाही. कारण मीही तेच करत होतो. आमचं पडदे आणि सोफा कव्हरचं दुकान. ऑर्डरला निम्मा ॲडव्हान्स घेतो. एका दिवाळीत नव्या ऑर्डरींच्या ॲडव्हान्समधून मी दुकानाचं भाडं आणि कापडवाल्याची जुनी उधारी भागवली होती. डिलिव्हरी कशीबशी झाली, म्हणून मी "चांगला दुकानदार" ठरलो. एक पार्टी बुडाली असती तर मीही फोन उचलणं बंद केलं असतं का? उत्तर द्यायला मी कचरलो.

लक्षात ठेवा : ॲडव्हान्स म्हणजे कमाई नाही. काम पूर्ण होईपर्यंत ती देणेदारी आहे. आता ॲडव्हान्ससाठी माझं खातं वेगळं आहे. त्यातून फक्त त्याच ऑर्डरचं कापड येतं.

गृहपाठ

१,६०,००० च्या कामाचे हप्ते असे पाडा :

- सुरुवातीला : २४,०००
- तोडफोड आणि राडारोडा उचलल्यावर : ३२,०००
- भेगा आणि केमिकल कोट झाल्यावर : ३२,०००
- कोबा झाल्यावर : ४०,०००
- मोझॅक झाल्यावर : १६,०००
- पाणी भरून टेस्ट पास झाल्यावर : १६,०००

कुठल्याही दिवशी माणूस गेला तरी तुमचे फार पैसे अडकत नाहीत. आता तुमच्या धंद्यातली एक ऑर्डर घ्या आणि असेच टप्पे लिहा. देणारे म्हणूनही लिहा आणि घेणारे म्हणूनही. दोन्ही बाजूंनी वाचून पटलं, तर तो करार चांगला.

भेटूया पुढच्या व्हिडिओत. तोपर्यंत धंदा करा, पण लेखी करा!