अठ्ठावीसनंतर साठ

माझे वडील मच्छीमार नौकेवर तांडेल आहेत. नौकेवर बोलण्यासाठी व्ही.एच.एफ. रेडिओसंच आहे. दिवाळीच्या सुटीत त्याची इंग्रजी पुस्तिका वाचून सांगण्याचे काम माझ्याकडे आले. तीत चॅनेलांचे क्रमांक १ ते २८ आणि नंतर एकदम ६० ते ८८ असे होते. "मधले कुठं बुडाले?" वडिलांनी विचारले. मला उत्तर देता आले नाही. शोध घेतल्यावर जे समजले ते येथे मांडते.

चॅनेल म्हणजे नेमून दिलेली वारंवारता. जहाज कोणत्याही देशाचे असो, बंदर कोणतेही असो, दोघांनी एकच क्रमांक लावला तरच संभाषण होते. म्हणून १९५७ साली हेग येथील परिषदेत २८ चॅनेलांची योजना आखली गेली. शेजारच्या दोन चॅनेलांत ५० किलोहर्ट्झ अंतर होते. पहिले १५६.०५० मेगाहर्ट्झवर, दुसरे १५६.१०० वर आणि सोळावे १५६.८०० वर.

पुढे जहाजे वाढली आणि २८ चॅनेल अपुरे पडू लागले. तेव्हा अंतर निम्मे, म्हणजे २५ किलोहर्ट्झ करून दोन जुन्या चॅनेलांच्या मध्ये एकेक नवे बसवले. जुन्या क्रमांकांना धक्का न लावता त्यांत ६० मिळवून नव्यांना क्रमांक दिले. १ व २ यांच्या मधले ते ६१. १० व ११ यांच्या मधले ते ७०. पहिल्याच्याही आधी एक जागा होती, ती ६० ला मिळाली. म्हणजे मधले क्रमांक बुडाले नव्हते. ते मुळी दिलेच नव्हते.

वाटपातही विचार आहे. ६ क्रमांक जहाजांनी आपापसांत बोलण्यासाठी आहे. १ क्रमांकावर मात्र जहाज १५६.०५० वर बोलते आणि किनारा १६०.६५० वर. दोन नौकांनी तो लावला तर दोघी बोलतील, पण ऐकू कोणालाच येणार नाही! ७० वर बोलायचेच नसते. तेथून संकटाचा सांकेतिक संदेश आपोआप जातो.

१६ क्रमांक संकटाच्या हाकेसाठी आणि एकमेकांना प्रथम पुकारण्यासाठी आहे. पुकारा झाला की दुसऱ्या चॅनेलवर जावे, असा नियम आहे. त्याच्या दोन्ही बाजूंच्या ७५ व ७६ वर शक्तीही एकच वॉट ठेवायची, म्हणजे १६ ला त्रास होत नाही.

हे वाचून दाखवताना वडील गप्प झाले. मग म्हणाले, एकदा पावसाळ्याच्या तोंडावर इंजिन बंद पडले होते. १६ वर हाक दिली, पण तेथे दोन नौकांच्या मासळीच्या भावावर गप्पा रंगल्या होत्या. दोघे एकाच वेळी बोलले की जोरदार संच दुबळ्याचा आवाज दाबून टाकतो. बराच वेळ त्यांची हाक कोणाच्या कानी गेली नाही. "त्यांचा तरी काय दोष? सोळा म्हणजे काय, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं," ते म्हणाले.

मी पुठ्ठ्यावर मराठीत क्रमांक व त्यांची कामे लिहून दिली. तो पुठ्ठा आता संचाशेजारी टांगला आहे. शेजारच्या तीन नौकांवरूनही तसेच पुठ्ठे मागितले गेले आहेत. सोळा क्रमांक मी तांबड्या शाईने लिहिते.