जळक्या ऑइलची पट्टी

शिरोळ तालुक्यातल्या एका घोडीवाल्यासमोर कुणी ‘जळकं ऑइल’ एवढं म्हणायचा अवकाश, त्याचा पारा चढतो. घोडी शर्यतीच्या गाडीची, अंगानं हलकी. मार्चअखेरीला ऊस तुटून गेलेल्या रानातून नेताना धारदार बुडखा तिच्या मागच्या पायाच्या नळीत घुसला. डॉक्टर बाहेरगावी. मग गावातला एक ‘जाणता’ आपणहून आला. त्यानं ट्रॅक्टरचं जळकं ऑइल आणि हळद कालवून जखमेत ठासली, वरून पट्टी करकचून आवळली आणि बजावलं, “आठ दिवस हात लावायचा नाही.” एवढ्या उन्हात आत कुजणार नाही का, असं मालकानं विचारलं. उत्तर मिळालं, “तुला घोडी कालची, आमच्या घरात तीन पिढ्यांची.”

घोडी पाय आपटू लागली, दातानं पट्टी ओढू लागली. मग वास आला. आठ दिवसांची वाट न बघता मालकानं पट्टी कापली, तर काळ्या चिखलात अळ्या वळवळत होत्या. जाणता शेजारीच उभा होता. जराही न ओशाळता म्हणाला, “घोडीचं रक्तच वाईट.” पुढं हाच गृहस्थ टपरीवर सांगत फिरला की, पट्टी लवकर सोडली म्हणून बिघडलं! ज्या कुरुंदवाडच्या संगमावर संताजी घोरपड्यांची समाधी दाखवतात, त्या मुलखात घोड्याच्या पायाला असले उपचार व्हावेत, याचा मालकाला अजून राग आहे. तो रास्तच म्हणायला हवा.

उन्हाळ्यात जखमेवर माशीनं घातलेली अंडी एका दिवसात फुटतात. त्यामुळं पट्टी रोज, निदान एक दिवसाआड सोडून बघावी लागते. अळ्या दिसल्या तर टर्पेंटाइनचा बोळा त्यांना बाहेर काढतो खरा, पण ताज्या मांसालाही भाजतो. चिमट्यानं वेचण्याचं काम डॉक्टरांचं. धुवायला लिटरभर उकळून कोमट केलेल्या पाण्यात 9 ग्रॅम, म्हणजे साधारण दीड छोटा चमचा मीठ पुरतं. पोव्हिडोन आयोडीन वापरायचंच तर हलक्या चहाच्या रंगाइतकं पातळ करून. हायड्रोजन पेरॉक्साइडचा फेस बघायला बरा वाटतो, पण भरून येणारं मांस तोच जाळतो. माशी हाकलणारं मलम किंवा कडुलिंबाचं तेल जखमेच्या कडेनं लावावं, आत नव्हे.

नळीवरची जखम वेगळ्याच कारणानं छळते. तिथं कातडी ताणलेली, खाली हाड आणि शिरा. लाल मांस कडेच्या वर फुगतं आणि कातडीला त्यावर चढताच येत नाही. अशा मांसावर मोरचूद चोळणारे या भागात पुष्कळ आहेत. त्यापेक्षा डॉक्टरांकडून ते कापून घ्यावं. त्याला संवेदना नसते, रक्त मात्र भरपूर येतं.

दर उन्हाळ्यात त्याच जागी खाजरी, पिवळ्या कणांची जखम उघडत असेल तर ते काम बहुधा जंताचं. घोड्याच्या पोटातल्या हॅब्रोनेमा जंताच्या अळ्या लिदीत येतात, लिदीत वाढलेली माशी त्या जखमेवर आणून सोडते. त्यावर आयव्हरमेक्टिन, तेही डॉक्टर सांगतील तेवढंच. पागेतली लीद रोज उचलून लांब टाकली नाही तर बाकीचा खर्च वाया. जवळ गुऱ्हाळ असेल तर माशीबद्दल काही सांगायलाच नको.

धनुर्वाताची लस चुकवू नये. माणसांसाठी धनुर्वातावरचं प्रतिविष घोड्यांच्याच रक्तातून काढलं गेलं आणि या रोगाला सर्वांत लवकर बळी पडणाऱ्या जनावरांतही घोडाच. जबडा आखडला, डोळ्याच्या कोपऱ्यातला पडदा बुबुळावर आला की उशीर झालेला असतो. सांध्याजवळच्या जखमेतून पिवळसर, चिकट पाणी येत असेल तरी थांबू नये. सांधा उघडा पडल्याची ती खूण असू शकते. टाके घालण्याजोगी जखम पहिल्या सहा-आठ तासांत दाखवावी. गावात डॉक्टर नसतील तर 1962 हा फिरत्या पशुवैद्यकीय पथकाचा क्रमांक आहे. जाणत्याला बोलावण्याआधी तो फिरवावा, असं घोडीवाला दात-ओठ खात सांगतो.

आणि जूनच्या आत जखम भरली नाही तर जागा बदलावी. 2019 आणि 2021 च्या पुरात कृष्णा-पंचगंगेकाठच्या गावांना जनावरं हलवावी लागली होती. पाणी चढायला लागल्यावर लंगड्या घोडीला टेम्पोत चढवणं फार अवघड जातं. तिला आधीच उंचावरच्या कोरड्या गोठ्यात पाहुण्यांकडं न्यावं.