एकट्या वाघाचा धडा

नकाशावर यवतमाळकडील टिपेश्वर अभयारण्य आणि बुलढाण्याकडील ज्ञानगंगा अभयारण्य शोधा. दोहोंच्या मधल्या प्रदेशांत आपला वाशिम जिल्हा सांपडेल. ह्या दोन रानांविषयींचा एक धडा आपणांस एका वाघानेंच शिकविला आहे.

नर वाघ वयांत आला म्हणजे त्यास स्वतःचें क्षेत्र व जोडीदारीण शोधावी लागते. टिपेश्वर हें सुमारें 148 चौरस किलोमीटरांचें लहानसें रान. फेब्रुवारी 2019 मध्यें तेथील एका तरुण वाघाच्या गळ्यांत शास्त्रज्ञांनीं ठावठिकाणा कळविणारा पट्टा बांधला. जूनमध्यें तो बाहेर पडला. शेतें, नाले व रस्ते ओलांडीत, बहुधा रात्रीं चालून, तेलंगणांतहि फिरून, तो वर्षअखेरीस ज्ञानगंगेंत पोहोंचला. एकंदर नऊ महिन्यांत त्याची चाल 3000 किलोमीटरांहून अधिक झाली! परंतु तेथें त्यास वाघीण मिळाली नाहीं.

ह्यांत काळजीचें काय? प्रत्येक प्राण्यास आनुवंशिक गुणांचा अर्धा वांटा पित्याकडून व अर्धा मातेकडून मिळतो. कोंडलेल्या रानांत नातलगांतच संतति होऊं लागली, म्हणजे एरवीं झांकलेले गुणदोष दोन्ही बाजूंनीं येऊन प्रकट होतात. म्हणूनच जाणता शेतकरी घरच्याच वळूवर विसंबत नाहीं. ओडिशांतील सिमिलीपाल येथें कांहीं वाघांचे पट्टे रुंदावून अंग काळें दिसतें. त्याचें कारण एक दुर्मिळ जनुकबदल असल्याचें बंगळूरच्या डॉ. उमा रामकृष्णन् व त्यांच्या सहकाऱ्यांनीं 2021 मध्यें दाखविलें. तें रान इतर वाघांपासून तुटलेलें आहे.

हें जाणण्यास वाघ धरावा लागत नाहीं. विष्ठेंत आंतड्यांच्या पेशी येतात. त्यांवरून तो नर कीं मादी, व त्याचे आप्त कोणत्या रानांत आहेत, हें कळतें. मात्र त्याची वाट प्रयोगशाळेंत दिसत नाहीं. त्यासाठीं रानोमाळ हिंडून पाणवठे, भक्ष्य व पाउलखुणा नोंदाव्या लागतात. दोन्ही विद्या मिळूनच कोणती वाट राखावी हें ठरतें.

आपल्या कारंजा-सोहोळच्या काळविटांसहि हाच नियम लागू आहे. त्याच तालुक्यांतून समृद्धि महामार्ग जातो. अशा मार्गावर प्राण्यांसाठीं पूल व भुयारें असलीं, तरी त्यांच्या तोंडाशीं झुडपें व माळ शिल्लक असतील तरच त्यांचा उपयोग.

म्हणून पालकांनीं नाल्यांकांठचीं झुडपें जाळूं नयेत. वाघ दिसल्यास पाठलाग न करितां वनखात्यास कळवावें. मुलांनीं ओळखीच्या पाउलखुणांची एक वही ठेवावी. रानें राखणें सरकारचें काम असेल. दोन रानांमधली वाट मात्र आपल्याच शेतांतून जाते.